लांडग्याला आवतण

लांडगा यावा म्हणून देवाला नाही, पण निदान माळाला तरी हात जोडणारी मी एकटीच बाई असेन. इतर बायका नवऱ्याची नोकरी टिकावी, सासूचा स्वभाव निवळावा असलं काहीतरी मागतात. मी चांगला जातिवंत लांडगा मागत होते, आणि तोही माझी स्वतःची शेळी अंगणात बांधलेली असताना.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. सेलूला आमच्या दारात मांडव घातला, पांढऱ्या साडीत, त्रिसरण-पंचशील म्हणून माझं लग्न लागलं आणि मी येलदरीकडच्या एका गावात नांदायला आले. माझे वडील जिनिंगमध्ये कापूस तोलायला होते. रेल्वेची शिट्टी आणि जिनिंगचा भोंगा ऐकत मी वाढलेली. सासरच्या गावात दिवसातून एकदा एसटी यायची, आणि आली नाही तरी कुणाचं काही अडायचं नाही. रात्री लांबवर धरणाचे विजेचे दिवे दिसायचे आणि आम्ही चिमणीच्या उजेडात ते बघत बसायचो.

गावाची चांगली जमीन पूर्णा नदीकडं होती आणि आमची माळाच्या कडेला. हे असं का, ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. माळ म्हणजे गावाचं गायरान, मुरमाड, कुसळी गवताचं, दूरवर पसरलेलं. त्यावर हरणं होती. खालची कुरणं धरणाच्या पाण्यात गेली तेव्हा ती वर चढली असं मामा, म्हणजे माझे सासरे, सांगायचे. माळ हिरवा असेपर्यंत ती तिकडंच राहायची. दसरा झाला, गवत वाळलं आणि आमचा हरभरा हातभर वर आला की दिवस मावळताना कळपच्या कळप खाली उतरायचे. करडईला काटे असतात म्हणून मामांनी बांधाच्या कडेनं करडईच्या दाट ओळी पेरून बघितल्या. हरणं ती करडई उडी मारून ओलांडायची आणि आत निवांत जेवायची. त्यांना मारायचं तर काही कामच नव्हतं. जंगल खात्याचा माणूस सायकलवर येऊन सगळ्यांना दम देऊन गेला होता.

मग राहिलं काय, तर राखण. दसऱ्याला आमच्या ह्यांनी शेतात मचाण बांधलं, आणि तिथून होळीपर्यंत माझा नवरा माझा राहिला नाही. संध्याकाळी घोंगडी, बॅटरी, गोफण आणि वाजवायला रॉकेलचा रिकामा डबा घेऊन ते निघायचे. सकाळी तांबारलेले डोळे घेऊन परत यायचे, भाकरी खायचे आणि आडवे व्हायचे. दुपारी उठले की बैल, वैरण, पाणी. मला त्यांचं घोरणं पाठ झालं होतं, बोलणं अजून व्हायचं होतं. लग्नाला सहा महिने झाले तरी त्यांना दोडका आवडतो की नाही हे मला त्यांच्या आईला विचारावं लागायचं.

माझा सगळा राग हरणांवर होता. सेलूची पाहुणेमंडळी आली की माळाकडं बोट दाखवून म्हणायची, किती गोजिरवाणी दिसतात. मला गोजिरवाण्या सवती दिसायच्या, एक सोडून पन्नास.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं राज्य वेगळं होतं. त्यांच्या शेळ्या होत्या, आणि शेळ्यांपुढं त्यांना नवरा, मुलगा, हरभरा सगळं दुय्यम. माझ्या मावशीनं मला लग्नात एक तांबडी शेळी दिली होती, तीही त्यांनी आपल्यात सामील करून घेतली. शेळ्यांशी त्या दिवसभर बोलायच्या. आमच्याशी गरजेपुरतं.

त्या पहिल्या वर्षी होळीच्या आसपास हरभरा काढला तेव्हा निम्मा हरणांच्या पोटात गेलेला होता. मामा बांधावर उकिडवे बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "ह्या माळाला लांडगा पायजे."

ते थट्टेत बोलतायत असं मला वाटलं. पण मामांच्या डोक्यात एकदा काही शिरलं की शिरलं. त्यांचं म्हणणं असं की निजामी अमदानीत, ते जवान असताना, माळावर लांडग्यांची जोडी असायचीच. हरणं तेव्हाही होती, पण ती लांडग्याच्या धाकानं सारखी जागा बदलायची. एका जागी ठिय्या देऊन कुणाचं शेत चरायची त्यांची हिंमत नव्हती. मग दुष्काळात धनगर मेंढरं घेऊन गोदावरीकडं उतरले. मेंढरं गेली तसे त्यांच्या मागं लांडगेही गेले. पुढं पाऊसपाणी झाल्यावर धनगर परत आले, तर गावानं त्यांना गायरानात पाय ठेवू दिला नाही. गवत आमच्याच गुरांना पुरत नाही म्हणाले. तेव्हापासून हरणांना रान मोकळं झालं होतं.

मामांनी सरपंचांना गाठलं. सरपंचांची जमीन नदीकडं. त्यांना हरणं नुसती दिसायची, सोसावी लागायची नाहीत. "तुमी माळाकडचे लोक बसून काय ते ठरवा," असं सांगून ते मोकळे झाले. मग एका सकाळी माळाकडचे सगळे शेतकरी आमच्या अंगणात लिंबाखाली बसले. मी चहा करायला चुलीपाशी होते, म्हणजे कान अंगणात आणि हात चुलीत.

"लांडगा काय बैल हाय का," शेजारच्या शेताचे काका म्हणाले, "बाजारातून दावं लावून आणायला?"

"आणायचा न्हाई. बलवायचा," मामा म्हणाले. "धनगरांची मेंढरं बलवा. उन्हाळ्यात आपल्या रिकाम्या वावरात बसवू, थोड्या ज्वारीवर लेंडीखत पडंल. पावसाळ्यात माळावर राहू द्या. मेंढरामागं त्यो आपोआप येतोय."

"अन् हरणं सोडून आपल्या लेकरांच्या मागं लागला तर?" एका बाईनं विचारलं. मामा म्हणाले, त्यांच्या हयातीत ह्या माळावर असं झालेलं नाही, पण लेकरं संध्याकाळी माळावर एकटी जाणार नाहीत हे आपण बघायचं. ती बाई काही पुरती राजी झाली नाही, पण बसून राहिली.

"हरीण सरकारचं," काका पुन्हा म्हणाले. "लांडगा कुणाचा? उद्या काही नुकसान झालं तर जाब कुणाला इचारायचा?"

"लांडगा कुणाचाच न्हाई. म्हनून तर त्यो कामाचा."

आत्याबाई इतका वेळ दाराच्या उंबऱ्यावर बसून शेळीच्या कानातल्या गोचिड्या काढत होत्या. त्या आता बोलल्या. "लांडग्याला काय कळतंय, हरीण कोणतं अन् माजी शेळी कोणती?"

"त्याला वळण लावू की," मामा म्हणाले.

"तुमाला वळण लावता लावता माजी उमर सरली. आता लांडग्याला लावणार हैत."

लोक इतके हसले की पुढचं बराच वेळ कुणाला ऐकू आलं नाही. पण आत्याबाई हसत नव्हत्या. त्यांनी एकेक शेळी मोजून दाखवावी तशी बाजू मांडली. पोटच्या पोरासारखी वाढवलेली जनावरं, बिनभिंतीचा गोठा, माळाशिवाय चरायला जागा नाही. शेळ्या पाळणाऱ्या आणखी चौघीजणी त्यांच्या बाजूनं बोलू लागल्या. मामांचा पक्ष ढिला पडला. शेवटी काका म्हणाले, "ह्या घरातच एक मत न्हाई. सूनबाईची बी एक शेळी हाय. तिला इचारा तरी."

नव्या सुनेला चारचौघांत मत विचारायची रीत नव्हती. काकांनी गंमत म्हणूनच विचारलं असणार. आत्याबाईंनी तर माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, कारण मी त्यांच्या पक्षाची हे त्यांनी धरूनच टाकलेलं. माझ्या हातात चहाची किटली होती. मी म्हणाले, "आणावा लांडगा."

का आणावा हे कुणी विचारलं नाही. आमचे हे लिंबाच्या बुंध्याला टेकून रोजच्यासारखे पेंगत होते. एकदा सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मग अख्खं अंगण खो खो हसायला लागलं. हे दचकून जागे झाले आणि म्हणाले, "काय झालं? हरणं आली का?" मी किटली तिथंच ठेवून घरात पळाले.

आत्याबाई पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. शेळ्यांशी मात्र मला ऐकू जाईल असं बरंच बोलल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मामांना सांगितलं, "आणा तुमचा लांडगा. पन माजी एक अट हाय. त्यो आला की माज्या शेळ्यांपाशी गोठ्यात घरचा माणूस झोपला पायजे. रोज. म्हातारं माणूस चालायचं न्हाई, जवान पायजे." मामांनी आनंदाच्या भरात अट कबूल केली. गोठ्याला कुडाच्या भिंती आणि दार पायजे म्हणाल्या, तेही त्यांनी कबूल केलं. अटीत जवान माणूस म्हणजे घरात कोण, ह्याचा विचार त्यांनी केला नाही, आणि मीही केला नाही.

मग एका म्हाताऱ्या धनगराला निरोप गेला. तो काठी टेकत आला, पाणी प्यायला, आणि वावरात मेंढरं बसवायच्या बदल्यात त्याला ज्वारी किती द्यायची वगैरे बोलणं झालं. ते झाल्यावर मामांनी सोयरीक जुळवताना विचारावं तसं आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्या कळपामागं लांडगे किती हैत?"

म्हातारा रागानं लाल झाला. "एक बी न्हाई. शपथ घेऊन सांगतो."

"मंग कसं जमायचं?" मामांचं तोंड उतरलं. "एखादा तरी पायजे व्हता."

म्हाताऱ्यानं मामांकडं बराच वेळ बघितलं. हा माणूस थट्टा करतोय की याला उन्हाचं काही झालंय, हे त्याला ठरवता येईना. मग तो सावकाश म्हणाला, "पावनं, दर गावात आमाला शपथ घ्यावी लागती की मागं जनावर न्हाई. त्याबिगर उतरू देत न्हाईत. हाय का म्हनून इचारणारे तुमी पहिलेच." त्यानं आजूबाजूला बघून घेतलं. "हाय एक जोडी. पन मी त्येंला आनत न्हाई. ते येतेत. त्येंची हमी मी घेणार न्हाई, अन् त्येंची ज्वारी बी घेणार न्हाई."

मामांनी त्याला त्या दिवशी येलदरीच्या माशाचं कालवण खाऊ घातलं.

उन्हाळ्यात मेंढरं आमच्या वावरात बसली. पाऊस लागल्यावर माळावर गेली. लांडग्याचा मात्र पत्ता नाही. गावात लोक मामांना विचारायचे, पाहुणे आले का? मामा म्हणायचे, निघालेत. पोळा होऊन गेल्यावर एके दिवशी मामा धावत घरी आले आणि लोखंडी घमेलं घेऊन परत धावत गेले. ओढ्याच्या ओल्या मातीत पंजा उमटला होता. कुणाचा पाय पडून तो मोडू नये म्हणून त्यावर त्यांनी घमेलं पालथं घातलं आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ते उचलून दाखवलं. काका म्हणाले, हा कुत्र्याचा आहे. मामांनी त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.

मी स्वतः लांडगा एकदाच नीट बघितला. शेतात न्याहारी घेऊन चालले होते. तो माळाच्या कडेनं खाली मान घालून चालला होता, मातकट रंगाचा, लांब पायांचा, पोट खपाटीला गेलेला. मी केवढं तरी भयंकर काही डोळ्यांपुढं धरलं होतं आणि हा तर कामावर निघालेल्या माणसासारखा दिसत होता. त्यानं थांबून माझ्याकडं बघितलं आणि आपल्या वाटेनं गेला. मला आतून फार आनंद झाला होता, तो लपवत मी शेतापर्यंत कशी पोचले ते मला माहीत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर हरणं आमच्याकडं फिरकली नाहीत असं नाही. पण यायची ती बिचकत, चार तोंडं मारून उधळायची, आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडंच दिसायची. हरभरा दाट उभा राहिला. मामा रोज जाऊन त्याच्यावरून हात फिरवून यायचे. दिवाळीच्या सुमारास ते ह्यांना म्हणाले, "उतर आता मचाणावरून. घरी ये."

त्या संध्याकाळी मी केस धुतले होते, दोडका केला होता. हे घोंगडी खांद्यावर टाकून दारात आले. आत्याबाईंनी दारातच विचारलं, "घोंगडी घरात कुटं आनायलास? तुजी झोपायची जागा गोठ्यात हाय. अट ठरलीय."

ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि "बरं, माय," म्हणून ते गोठ्याकडं वळले. मी चुलीपुढं बसून रडले. मामांनी विचारलं तर मी म्हणाले, धूर गेला डोळ्यात. चूल विझलेली होती.

असे बरेच दिवस गेले. हे गोठ्यात, शेळ्यांच्या बरोबर. मी घरात, नेहमीच्या जागी, आत्याबाईंच्या शेजारी. घर म्हणजे तरी काय, एक मोठी खोली. एका भिंतीला मामा, राखण नसायची तेव्हा हेही तिकडंच, एका भिंतीला आम्ही दोघी, मध्ये ज्वारीची पोती. नवरा शेतातून घरापर्यंत आला आणि माझ्यापासून तेवढाच लांब राहिला, म्हणून माझा जळफळाट चाललेला. मी आत्याबाईंशी तोडून बोलायला लागले. त्या माझ्याकडं अशा बघायच्या जसं काही मीच त्यांचा अंत पाहतेय.

हरभऱ्याला घाटे धरले तेव्हा लांडग्यानं शेळी नेली. भर दुपारी, माळावर, आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत. त्यांची सगळ्यांत लाडकी, पांढऱ्या कानांची, दोन महिन्यांची गाभण. त्या दगड मारत, ओरडत ओढ्यापर्यंत धावल्या. परत आल्या तेव्हा पायात चप्पल नव्हती आणि गुडघा फुटला होता. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, त्या दिवशी बघितलं. मला फार वाईट वाटलं. लांडगा आणावा म्हणणाऱ्यांत मी होते, आणि शेळी माझी गेली नव्हती.

संध्याकाळ व्हायच्या आत लिंबाखाली पुन्हा सगळे जमले. काका म्हणाले, "आता पुरं झालं. बिळं माहीत हैत. उद्या सकाळी धूर करू, धनगरांना बी हलवू." शेळ्यावाल्या बायकांनी मान डोलावली. मामांची बोलायची सोयच राहिली नव्हती. ते मातीत काडीनं रेघोट्या ओढत बसले. आत्याबाई काय म्हणतात ह्याची सगळे वाट बघत होते, आणि त्या काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"राहू द्या त्याला," आत्याबाई म्हणाल्या.

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "वहिनी, तुमची शेळी गेली."

"माजीच गेली न्हं? मंग माजं मीच बगीन. हरभरा बगा तुमचा, किती आलाय. शेळ्या उद्यापासून लांब न्यायच्या न्हाईत, दोघीदोघींनी मिळून राखायच्या. जा आता घरी."

त्यांच्यापुढं बोलायची कुणाची छाती नव्हती. लोक उठून गेले. मामा उंबऱ्याबाहेर बसून राहिले. मी भाकऱ्या थापत होते आणि आत्याबाई गुडघ्याला हळद लावत होत्या. मला राहवेना. मी विचारलं, "आत्याबाई, तुमची एवढी लाडकी शेळी गेली. तुमी कामून राहू द्या मनलं?"

"त्यो गेला तर हरणं येतेत," त्या हळद लावता लावता म्हणाल्या. "हरणं आली की माजं लेकरू परत मचाणावर चढतंय. मग तू हायस अन् तुजं तोंड हाय."

भाकरी तव्यावर करपली.

"पन मी म्हनते," त्यांचा आवाज एकदम चढला, "तू अजून माज्या शेजारी कामून झोपायलीस? दिवाळीपासून बगायलेय. ह्या घरात ह्या पोत्यांमधी, आमा म्हाताऱ्यांपुढं, तुजा नवरा येऊन काय करनार व्हता? त्या गोठ्याला कुड घालून घेतला, दार लावून घेतलं, ते काय शेळ्यांसाठी? सेलूची पोरगी म्हनून आनली, अक्कल तिथंच रेल्वेत इसरून आलीस का?"

मी मान खाली घातली ती वर करायची सोय नव्हती. बाहेर मामा उगीचच मोठ्यानं खाकरले आणि चपला घालून कुठंतरी निघून गेले. आत्याबाई लंगडत उठल्या. वळकटीतून त्यांची स्वतःची नवी वाकळ काढली, त्यांनी हातानं शिवलेली, अजून कुणाला न दिलेली, आणि माझ्या मांडीवर टाकली.

"जा," त्या म्हणाल्या. "अन् सकाळी लवकर उठायची घाई करू नको. शेळ्या मी सोडीन."